पाव फुगतो कसा? यीस्टचे काम आणि तुमच्या पोटाशी त्याचा संबंध

लादी पावाचा तुकडा मोडून पाहिला, तर आत लहान-मोठी असंख्य छिद्रे दिसतात. त्या प्रत्येक छिद्रात वायू भरलेला होता आणि तो यीस्टने तयार केला होता. इथपर्यंत बहुतेकांना माहीत असते. गोंधळ पुढे होतो. "पावात यीस्ट असतं, मग ते पोटात जाऊनही फुगतं का?", "मला सारखं यीस्ट इन्फेक्शन होतं, पाव बंद करू का?", "गव्हाचा त्रास आहे, पण आंबवलेला पाव चालेल ना?" हे प्रश्न दवाखान्यात नेहमी विचारले जातात.

या गोंधळातून दोन प्रकारचे नुकसान होते. काही जण कारण नसताना पाव सोडतात आणि त्रासाचे खरे कारण तसेच राहते. काही जणांनी गहू पूर्ण टाळायला हवा असतो, पण 'आंबवलेला आहे, हलका असतो' असे समजून ते खात राहतात. म्हणून आधी पाव कसा फुगतो ते समजून घेऊ आणि मग कोणी काय काळजी घ्यावी ते पाहू.

थोडक्यात महत्त्वाचे

- यीस्ट पिठातली साखर वापरून कार्बन डायऑक्साइड वायू तयार करते. तो ग्लुटेनच्या जाळ्यात अडकतो आणि पीठ फुगते.
- भट्टीच्या उष्णतेने यीस्ट मरते. नीट भाजलेल्या पावातले यीस्ट पोटात फुगत नाही.
- पाव खाऊन त्रास होत असेल तर कारण बहुधा यीस्ट नसते. मैदा, ग्लुटेन, फ्रुक्टान, मीठ किंवा पावासोबत खाल्लेला पदार्थ हे कारण असू शकते.
- सिलियाक आजार असेल तर गव्हाचा कोणताही पाव चालत नाही, कितीही तास आंबवलेला असला तरी.
- सिलियाकची शंका असेल तर तपासणी होण्यापूर्वी गहू बंद करू नका.

यीस्ट म्हणजे नेमके काय?

यीस्ट हा बुरशीच्या कुळातला एकपेशीय सजीव आहे. पावासाठी वापरल्या जाणाऱ्या यीस्टचे शास्त्रीय नाव सॅकरोमायसिस सेरेव्हिसी. त्याची एक पेशी मिलिमीटरच्या साधारण दोनशेव्या भागाएवढी असते. बाजारात मिळणारे कोरडे यीस्ट दाणेदार पावडरीसारखे दिसते, पण ते जिवंत असते. पाणी काढून घेतल्यामुळे ते फक्त निद्रिस्त असते. कोमट पाणी आणि थोडी साखर मिळाली की ते पुन्हा कामाला लागते. चमचाभर यीस्टमध्ये अब्जावधी पेशी असतात.

माणूस हजारो वर्षे पाव आणि मद्य करत आला, पण त्यामागे सजीव आहे हे कळायला एकोणिसावे शतक उजाडावे लागले. फ्रान्समध्ये लुई पाश्चर यांनी १८५७ ते १८६० या काळात दाखवून दिले की साखरेचे मद्यार्कात रूपांतर जिवंत यीस्टमुळे होते. १८९७ मध्ये एडुआर्ड बुखनर यांनी यीस्ट चिरडून काढलेल्या रसानेही साखर आंबते हे दाखवले. म्हणजे प्रत्यक्ष काम पेशीतली एन्झाइम करतात.

आपल्याकडचा 'पाव' हा शब्द पोर्तुगीज भाषेतून आला. गोव्यात पोदेर पूर्वी पीठ फुगवण्यासाठी माडाची ताजी सूर वापरत. सुरेत नैसर्गिक यीस्ट भरपूर असते, त्यामुळे पाकिटातल्या यीस्टशिवायही पाव छान फुगत असे.

पिठाच्या गोळ्यापासून पावापर्यंत

*१. मळताना जाळे तयार होते.* गव्हात ग्लायडिन आणि ग्लुटेनिन ही दोन प्रथिने असतात. पाणी घालून पीठ मळले की ती एकमेकांत गुंततात आणि ग्लुटेन तयार होते. ग्लायडिनमुळे पीठ ताणले जाते, तर ग्लुटेनिनमुळे ते ताणल्यावर मागे येते. फुग्याच्या रबराला हे दोन्ही गुण लागतात, तसेच पावाच्या पिठालाही लागतात. मळताना पिठात हवेचे बारीक बुडबुडेही शिरतात. पुढे वायू भरतो तो याच बुडबुड्यांत, म्हणून पीठ चांगले मळणे महत्त्वाचे.

*२. पिष्टापासून साखर होते.* मैद्यात मुख्यतः पिष्ट, म्हणजे स्टार्च असतो. यीस्टला तो थेट वापरता येत नाही. पिठातली अमायलेज नावाची एन्झाइम त्याचे तुकडे करून माल्टोज ही साखर तयार करतात. आपल्या लाळेतही अमायलेज असते. पाव बराच वेळ चावला तर गोडसर लागतो, तो त्यामुळेच.

*३. साखरेपासून वायू होतो.* पिठाच्या गोळ्यातला ऑक्सिजन लवकर संपतो. मग यीस्ट ऑक्सिजनशिवाय साखर वापरू लागते. ग्लुकोजच्या एका रेणूपासून मद्यार्काचे दोन आणि कार्बन डायऑक्साइडचे दोन रेणू तयार होतात. वायू आधी पिठातल्या पाण्यात विरघळतो आणि पाणी त्याने भरले की हवेच्या बुडबुड्यांत शिरतो. बुडबुडे मोठे होतात, जाळे ताणले जाते आणि गोळा वर येतो. सोबत तयार होणाऱ्या इतर रसायनांमुळे पावाला त्याचा खास वास येतो.

*४. तापमान आणि मीठ वेग ठरवतात.* साधारण २५ ते ३५ अंश सेल्सियसला यीस्ट उत्तम काम करते. म्हणून मे महिन्यात पीठ पटकन फुगते आणि थंडीत वेळ लागतो. फ्रिजमध्ये काम जवळजवळ थांबते, पण यीस्ट मरत नाही. मिठामुळे यीस्टचा वेग कमी होतो आणि ग्लुटेन घट्ट होते. मीठ फक्त चवीसाठी नसते, म्हणूनच पावातून ते पूर्ण वगळणे बेकरीवाल्यांना अवघड जाते.

*५. भट्टीत शेवटची वाढ होते.* उष्णता मिळताच पहिली काही मिनिटे गोळा झपाट्याने फुगतो. अडकलेला वायू प्रसरण पावतो, पाण्यात विरघळलेला वायू बाहेर येतो आणि मद्यार्क व पाण्याची वाफ होते. आतले तापमान ५५ ते ६० अंशांपर्यंत गेले की यीस्ट मरते. त्यानंतर पिष्ट पाणी शोषून शिजते, ग्लुटेन घट्ट होते आणि पावाचा आकार कायम होतो. नीट भाजलेल्या पावाचा मधला भाग ९० अंशांच्या वर गेलेला असतो.

भाकरीही फुगते, इडलीही फुगते. मग फरक काय?

फुगलेला प्रत्येक पदार्थ यीस्टने फुगलेला नसतो. पथ्य ठरवताना हा फरक उपयोगी पडतो.

- फुलका आणि भाकरी: आतल्या पाण्याची वाफ होते आणि पापुद्रा वेगळा होतो. इथे यीस्ट नसते आणि आंबवणेही नसते. ज्वारी, बाजरी, नाचणीत ग्लुटेन नसते. म्हणून त्यांच्या पिठाचा यीस्ट घालूनही पावासारखा हलका पाव होत नाही.
- इडली आणि डोसा: तांदूळ आणि उडदाचे पीठ मुख्यतः ल्युकोनोस्टॉकसारखे लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू आंबवतात. वायू तेच सोडतात. हवेतले आणि धान्यावरचे थोडे यीस्टही मदतीला असते.
- झटपट ढोकळा, केक, नानकटाई: खाण्याचा सोडा किंवा बेकिंग पावडर यांतून रासायनिक क्रियेने वायू सुटतो. सोड्यात आणि फ्रूट सॉल्टमध्ये सोडियम भरपूर असते. उच्च रक्तदाब, हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी हे लक्षात ठेवावे. चवीला खारट नसलेल्या पदार्थातूनही सोडियम जाते.

पोटात गेल्यावर काय होते?

आपल्या शरीराचे तापमान ३७ अंश, म्हणजे यीस्टला मानवण्यासारखे. त्यामुळे 'पोटात जाऊन फुगत असेल' ही शंका अगदीच चुकीच्या जागेवरून आलेली नाही. पण पाव भाजताना यीस्ट मेलेले असते. त्याच्या मृत पेशी इतर अन्नासारख्याच पचतात आणि त्यांतून थोडी प्रथिने व ब गटातली जीवनसत्त्वे मिळतात.

तरीही वडापाव किंवा पावभाजी खाल्ल्यावर पोट फुगते, ते का? बऱ्याचदा कारण तेल, तिखट, बेसन, बटाटा आणि घाईघाईने खाणे यांत असते. दुसरे कारण गव्हातच असते. गव्हात फ्रुक्टान नावाची कर्बोदके असतात. ती माणसाच्या लहान आतड्यात पचत नाहीत. मोठ्या आतड्यातले जिवाणू ती आंबवतात आणि वायू तयार होतो. म्हणजे पोट फुगते ते पावातल्या यीस्टमुळे नाही, तुमच्या आतड्यातल्या जिवाणूंमुळे.

यीस्टला पुरेसा वेळ दिला तर ते पिठातले फ्रुक्टान बऱ्याच प्रमाणात कमी करते. एखाद्या तासात फुगवून भाजलेल्या पावात फ्रुक्टान जास्त राहते, चार-पाच तास किंवा रात्रभर आंबवलेल्या पावात कमी. संवेदनशील आतडे, म्हणजे आयबीएस असलेल्या काही जणांना सावकाश आंबवलेला पाव सोसतो आणि साधा सोसत नाही, त्याचे हे एक कारण आहे. गव्हाच्या कोंड्यासह केलेल्या पिठात आणखी एक फायदा होतो. आंबवताना फायटेट कमी होते आणि लोह व जस्त शरीराला जास्त मिळू शकते.

कोणी काय लक्षात ठेवावे?

*मधुमेह असेल तर:* यीस्ट साखर खाते म्हणून पावात साखर कमी उरते, असा एक समज आहे. यीस्ट वापरते ती साखर पिठाच्या मानाने फारच थोडी असते. बाकी पिष्ट तसेच राहते. मैदा बारीक दळलेला आणि पाव सच्छिद्र, त्यामुळे तो झटकन पचतो आणि रक्तातली साखर वेगाने वाढते. पांढऱ्या पावाचा ग्लायसेमिक इंडेक्स सुमारे ७५ मानला जातो. मध्यम आकाराच्या एका लादी पावात अंदाजे २० ते २५ ग्रॅम कर्बोदके असतात. कधीतरी खायचा असेल तर एकावर थांबा. मिसळीतली मटकी, उसळ, अंडे किंवा कोशिंबीर यांचे प्रमाण वाढवा आणि त्या जेवणात पोळी-भात कमी करा. जेवणानंतर दोन तासांनी ग्लुकोमीटरवर साखर पाहिलीत, तर तुमच्या शरीराला किती पाव झेपतो हे नेमके कळेल.

*उच्च रक्तदाब असेल तर:* जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार प्रौढांनी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. एका पावातून अर्ध्या ग्रॅमच्या आसपास मीठ जाते. चार पाव खाल्ले तर दिवसाच्या कोट्यातले जवळपास निम्मे मीठ संपते, आणि वडा, चटणी, फरसाण, लोणी यांचा हिशोब अजून बाकीच असतो.

*सिलियाक आजार असेल तर:* या आजारात ग्लुटेनमुळे शरीराची प्रतिकारयंत्रणा लहान आतड्याच्या अस्तरावर हल्ला करते. यीस्ट ग्लुटेन नष्ट करत नाही. उलट पाव फुगतो तोच ग्लुटेनच्या आधाराने. त्यामुळे लादी पाव, ब्रून, पोई, सावरडो, गव्हाचा ब्रेड, खारी, टोस्ट, नान यांपैकी काहीच चालत नाही. 'थोडासा चालेल' हेही नाही. रवा, मैदा, शेवया, जव यांनाही हेच लागू. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरई चालते, मात्र गिरणीत ती गव्हानंतर लगेच दळलेली नसावी.

*वारंवार यीस्ट इन्फेक्शन होत असेल तर:* योनिमार्गात किंवा तोंडात होणारा हा संसर्ग कॅन्डिडा नावाच्या वेगळ्या बुरशीमुळे होतो. नावातले 'यीस्ट' सारखे आहे, जीव वेगळा आहे. पाव खाल्ल्याने हा संसर्ग होत नाही आणि सोडल्याने बराही होत नाही. वारंवार होत असेल तर रक्तातली साखर तपासा. नियंत्रणात नसलेला मधुमेह, नुकतीच घेतलेली प्रतिजैविके, स्टिरॉइड आणि गर्भारपण ही नेहमीची कारणे आहेत.

यीस्ट औषधातही असते

लहान मुलांच्या जुलाबात किंवा प्रतिजैविकांसोबत डॉक्टर कधी कधी एक पुडी देतात. तिच्यावर 'सॅकरोमायसिस बुलार्डी' असे लिहिलेले दिसेल. हे पावाच्या यीस्टचे जवळचे भावंड. फ्रेंच संशोधक आंरी बुलार यांनी १९२० च्या दशकात ते आग्नेय आशियातल्या फळांच्या सालीतून वेगळे केले. पावातले यीस्ट मेलेले असते, पुडीतले जिवंत असते. ही पुडी खूप गरम पाण्यात किंवा दुधात घालू नका. ते जिवाणू नसल्यामुळे प्रतिजैविकाने मरत नाही, मात्र बुरशीवरच्या औषधाने मरू शकते. प्रतिकारशक्ती फार कमी असलेल्या, अतिदक्षता विभागात असलेल्या किंवा मोठ्या शिरेत नळी घातलेल्या रुग्णाला ते देऊ नये, कारण रक्तात संसर्ग होण्याचा धोका असतो. आणि जुलाबात पहिले औषध ओआरएस व मुलांना झिंक हेच, ही पुडी त्यांच्या जागी नाही.

काही कंपन्यांचे इन्सुलिन पावाच्याच यीस्टच्या पेशींकडून बनवून घेतले जाते. हिपॅटायटिस बी ची लसही यीस्टमध्ये तयार करता येते. अशा पहिल्या लसीला अमेरिकेत १९८६ मध्ये मान्यता मिळाली. यीस्टची तीव्र ॲलर्जी फार क्वचित आढळते. तुम्हाला ती असेल तर लस घेण्याआधी डॉक्टरांना सांगा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*पावात दारू असते का?*
आंबवताना मद्यार्क तयार होतो, पण भाजताना त्याचा बहुतांश भाग उडून जातो. उरतो तो इतका कमी असतो की त्याचा नशेशी संबंध नाही. मुलांना किंवा गर्भवतींना या कारणासाठी पाव नाकारायची गरज नाही.

*कच्चे पीठ मुलांनी खाल्ले तर?*
खाऊ देऊ नका. त्यात यीस्ट जिवंत असते आणि पोटात वायू होऊ शकतो. त्याहून मोठा धोका कच्च्या पिठातल्या जंतूंचा. २०१६ मध्ये अमेरिकेत कच्च्या पिठातून ई. कोलायचा संसर्ग पसरला होता. घरात कुत्रा असेल तर आंबवलेला गोळा त्याच्या तोंडी लागणार नाही असा ठेवा. त्याच्या पोटात तो फुगून जिवावर बेतू शकते.

*ब्राऊन ब्रेड चांगला का?*
रंगावरून ठरवू नका, कारण तो कॅरॅमलचाही असू शकतो. पाकिटामागे घटकांची यादी वाचा. सर्वांत आधी मैदा लिहिलेला असेल तर तो मुख्यतः मैद्याचाच ब्रेड आहे. कोंड्यासह गव्हाच्या पिठाचा ब्रेड जरा दडस लागतो, कारण कोंड्यामुळे ग्लुटेनचे जाळे तुटते. तो दोष नव्हे.

*पावात घातक रसायन असते असे ऐकले, ते खरे का?*
ग्लुटेन मजबूत करून पाव जास्त फुगवण्यासाठी पूर्वी पोटॅशियम ब्रोमेट वापरत. त्याचा कर्करोगाशी संबंध असू शकतो म्हणून भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१६ मध्ये ते परवानगी असलेल्या पदार्थांच्या यादीतून काढून टाकले. या रसायनाचा यीस्टशी संबंध नाही.

*घरी केलेला पाव फुगत नाही, काय चुकते?*
बहुधा पाणी फार गरम असते आणि यीस्ट मरते. पाणी बोटाला जेमतेम कोमट लागावे. त्यात चिमूटभर साखर आणि यीस्ट घालून दहा मिनिटे ठेवा. वर फेस आला नाही तर यीस्ट जुने झाले आहे. ते पिठात घालू नका.

डॉक्टरांना कधी दाखवावे?

- गव्हाचे पदार्थ खाल्ल्यावर वारंवार जुलाब, पोट फुगणे किंवा वजन घटणे
- लोहाच्या गोळ्या नियमित घेऊनही हिमोग्लोबिन न वाढणे
- मुलाची उंची आणि वजन वयाच्या मानाने मागे राहणे
- जवळच्या नातेवाइकाला सिलियाक आजार किंवा स्वतःला टाइप १ मधुमेह असणे
- शौचात रक्त, सततच्या उलट्या, किंवा पोटदुखीने रात्री झोपमोड होणे
- पाव खाल्ल्यावर लगेच अंगावर गांधी, ओठांना सूज किंवा श्वासाचा त्रास. ही गव्हाची ॲलर्जी असू शकते. श्वास लागत असेल तर थांबू नका, तातडीने रुग्णालयात जा.

सिलियाकची शंका असेल तर टीटीजी आयजीए ही रक्ततपासणी केली जाते आणि गरज पडल्यास दुर्बिणीतून लहान आतड्याचा तुकडा तपासतात. या दोन्ही तपासण्या रुग्ण गहू खात असतानाच खऱ्या ठरतात. आधीच गहू सोडला तर अहवाल नॉर्मल येऊ शकतो आणि आजार निसटतो. मग निदानासाठी पुन्हा काही आठवडे गहू खावा लागतो. एखाद्या मुलाच्या बाबतीत त्याचा अर्थ वाढीचे आणखी काही महिने वाया जाणे असाही होऊ शकतो. म्हणून शेजाऱ्यांनी सांगितले किंवा कुठे वाचले म्हणून गहू बंद करू नका. आधी तपासणी, मग पथ्य.

डॉक्टरांकडे जाताना एक आठवड्याची नोंद सोबत न्या. काय खाल्ले, किती वाजता, त्रास किती वेळाने झाला आणि पावासोबत आणखी काय होते, एवढे पुरे. पोळी चालते पण वडापाव चालत नाही असे त्या नोंदीत दिसले, तर दोष गव्हाचा नसून वड्याचा असण्याची शक्यता जास्त. पोळीनेही तोच त्रास होत असेल, तर गव्हाचा विचार करावा लागतो आणि तपासणीची दिशा बदलते.